'आमच्या वेळी असं नव्हतं' : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

समाज सुधारला की बिघडला, असं कुणी विचारलं तर कृपा करून विचारात पडू नका. विचार करणाऱ्या माणसाची चर्चेत फार पंचाईत होते. आधी एक उसासा टाका, खिडकीबाहेर पाहा आणि म्हणा, "आमच्या वेळी असं नव्हतं." हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. तुमच्या वेळी खरोखरच असं नव्हतं. कसं होतं, ते सांगायची सक्ती कुणी करत नाही.

वयाची अट नाही. तिशीतले लोकही हल्ली हे छान म्हणतात. मी स्वतः भाच्याला ऐकवत असतो, "आम्हाला फोननंबर तोंडपाठ असायचे." एकदा त्याने विचारलं, किती? मोजले तर चार निघाले, त्यातला एक आमच्याच घरचा. तेव्हापासून मी आकडे सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

वजन हवं असेल तर सॉक्रेटिसला मध्ये आणा. 'आजकालची मुलं ऐषारामी झालीत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत' हे त्याच्या नावावर फिरणारं वचन सुप्रभातच्या फुलांबरोबर तुमच्याही फोनवर आलं असेलच. ते १९०७ सालच्या, केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातलं आहे. जुन्या ग्रीसमधल्या तक्रारींचा त्याने आपल्या शब्दांत काढलेला गोषवारा लोकांनी सॉक्रेटिसच्या तोंडी घातला, एवढंच. ही माहिती स्वतःपाशीच ठेवा. सॉक्रेटिसची खरी तक्रार वेगळीच होती. प्लेटोने ती नोंदवली आहे: लिहायची सवय लागली की माणसांची स्मरणशक्ती जाईल. ही मात्र वापरू नका, कारण मग ती प्लेटोने लिहून ठेवल्यामुळेच आपल्याला कळली, हे एखाद्याच्या लक्षात येतं.

आता हुकमी एक्का. "आम्ही गाडीत पट्टा लावला नाही, नळाला तोंड लावून पाणी प्यायलो, ताप आला तर अंगावर काढला. काय झालं आम्हाला?" टाळ्या इथेच पडतात. या युक्तिवादाची खुबी अशी की ज्यांना काही झालं, ते उत्तर द्यायला येत नाहीत. वर्गाची हजेरी घेताना 'गैरहजर असलेल्यांनी हात वर करा' म्हणावं, तसं हे आहे. १८००च्या सुमारास जगात जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी साधारण चार मुलं पाचव्या वाढदिवसाआधीच जात. त्यांनी पुढे जुन्या काळाबद्दल काहीही तक्रार केल्याची नोंद नाही.

फार मागे जायची गरज नाही. १९२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, कॅल्विन कूलिज यांचा, सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला, विष रक्तात भिनलं आणि काही दिवसांत मुलगा गेला. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण हातात औषध नव्हतं. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली आणि रोग्यांपर्यंत ते पोचायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. आज तसा फोड आला तर आपण गोळ्या घेतो आणि चौथ्या दिवशी, बरं वाटल्यावर, हल्लीचे डॉक्टर लुटारू झालेत असं म्हणतो. (गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये. हा सल्ला मात्र खरा आहे.)

कुटुंबसंस्थेवर बोलायला विसरू नका. "पूर्वी संसार टिकायचे." जरूर टिकायचे. फ्रान्समध्ये १९६५पर्यंत विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत स्वतःचं खातं उघडता येत नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क मिळाला १९७१ साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. दाराला बाहेरून कडी असली की घर एकसंध राहतं, ही काही गुंतागुंतीची गोष्ट नाही.

समोर प्रगतीवाला भेटला तर घाबरू नका. तो आपलाच भाऊबंद आहे. तुम्ही उसासा टाकता, तो आलेख काढतो. १९९०मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या वर मुलं दगावली, २०२२मध्ये ही संख्या पन्नास लाखांच्या खाली आली, असं तो सांगेल, आणि ते खरं आहे. तुम्ही शांतपणे थॉमस मिजली हे नाव घ्या. या गृहस्थाने १९२१ साली इंजिनाची खडखड थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली. पुढे फ्रिजसाठी सुरक्षित वायू शोधला, तोही त्यानेच. दोन्ही वेळा प्रगती म्हणून त्याचं कौतुक झालं. शिशाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मेंदूचं नुकसान केलं आणि असलं पेट्रोल मोटारींसाठी जगभरातून हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं. वायूने ओझोनचा थर खाल्ला. तो आवरायला १९८७ साली माँट्रियलला करार करावा लागला. प्रगतीवाला लगेच म्हणेल, बघा, करार झाला आणि थर सावरतोय. तेव्हा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा विषय काढा. कारखान्यांचं युग येण्याआधी तो दशलक्षात २८० भाग होता, आता ४२०च्या पुढे गेलाय. हा आलेखही वरच चाललाय, हा का नाही दाखवत? असं विचारून चहा मागवा. चहा येईपर्यंत तो गप्प बसेल.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. हे सगळं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर बोलू नका. मी एकदा बोललो. 'तेव्हाची माणसं कशी काटक' यावर रंगात आलो होतो. पुरावा म्हणून आजीला विचारलं, "तुम्ही भावंडं किती गं?" तिने निवडत असलेल्या भाजीतून मान वर केली नाही. म्हणाली, "झालेली सांगू की जगलेली?"

मग हात पुसून ती बोटांवर मोजू लागली. प्रत्येक बोटापाशी एक नाव होतं. दोन बोटांपाशी नुसतंच "ते एक", कारण त्यांचं बारसंच झालं नव्हतं. मध्येच ती चुकली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. असा प्रसंग आलाच तर फोन आल्याचं सांगून उठावं. मला तेही सुचलं नाही.