‘फुकट सॉफ्टवेअर संस्थेला महागात पडतं’ म्हणे!

स्वयंसेवी संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मोफत सॉफ्टवेअर घेऊ नका. एक तर तुमचा डेटा विकतात, नाहीतर खर्च दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या माथी मारतात, आणि एक दिवस ते बंद पडतं.’ यातल्या तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले दोन सरसकट खरे नाहीत.

छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या आरोग्यसंस्थेसाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘बहम्नी’ ही रुग्णालय-प्रणाली बांधली. थॉटवर्क्सचं पोट भरतं मोठ्या कंपन्यांच्या कामांवर. बहम्नीत बिलांसाठी ओडू हे सॉफ्टवेअर वापरलंय. ते बनवणारी बेल्जियमची कंपनीही धंदेवाल्यांकडून कमावते. बहम्नी प्रणाली रुग्णालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि तिचा कोड खुला आहे, म्हणजे कोणीही तपासू शकतो. मग केसपेपर चोरून विकणार कोण आणि कुठून?

खर्चाचं म्हणाल, तर लोक सॉफ्टवेअर तांदळासारखं मोजतात. पोतं दान केलं की कोठारातलं एक कमी होतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट (हिशेब, साठा सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर) आणखी शंभर संस्थांनी उतरवून घेतलं, तरी तिच्या कोठारातून काय जातं? ती कमावते होस्टिंगवर (म्हणजे ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्यावर) आणि सपोर्टवर. व्यापारी पैसे मोजतो ते त्याला मिळणाऱ्या सेवेचे. (संस्थेचा फोन उचलायला मात्र माणूस लागतो, त्याचा पगार धरायलाच हवा.) मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या जोरावर गरिबांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. तिथे तर दर वेळी खरी लेन्स खर्ची पडते, सॉफ्टवेअरच्या प्रतीत तेही नाही.

आता ‘बंद पडतं’. पडतं! मायक्रोसॉफ्ट संस्थांना ३६५ बिझनेस प्रीमियम या ईमेल-वर्ड-एक्सेलच्या पॅकेजची १० लायसन्स मोफत देत असे. जुलै २०२५पासून, जसजसं नूतनीकरण आलं तसतशी ती बंद झाली: साधी बेसिक आवृत्ती मोफत घ्या, नाहीतर सवलतीत पैसे भरा. देणाऱ्याने हात आखडता घेतला आणि संस्थेला काही करता आलं नाही, कारण किल्ली देणाऱ्याकडेच होती. ईआरपीनेक्स्टचं तसं नाही. ते जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे कोणीही ते वापरू, बदलू, वाटू शकतो. उद्या फ्रॅपेने दुकान आवरलं तरी तुमच्या सर्व्हरवरचं चालू राहील, आणि दुसरा कोणीही ते पुढे सांभाळू शकेल. झेरोधा ही शेअर दलालीची कंपनी २०२४पासून आपल्या फ्लॉस फंडातून खुल्या सॉफ्टवेअरला वर्षाला १० लाख डॉलर देऊ लागलीय, तोही नफ्यातलाच पैसा. बाजार कोसळला तर तो ओघ आटू शकतो. पण लिहून झालेला कोड काही परत घेता येत नाही.

म्हणून विक्रेत्याला ‘फुकट का?’ विचारण्याआधी विचारा, लायसन्स कोणतं आणि माझा डेटा मला कुठल्या फाइलीत परत मिळेल. आणि बॅकअप एकदा स्वतः उघडून बघा.