‘व्हिक्टोरिया’तला एकच शॉट खोटा नाही, आणि सोपा तर मुळीच नाही

सेबास्टियन शिपर यांच्या ‘व्हिक्टोरिया’ (2015) या एकाच सलग शॉटमध्ये टिपलेल्या जर्मन सिनेमाबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: 138 मिनिटं सलग शूटिंग शक्यच नाही, अंधारात कट लपवलेत. लपवले नसले तरी त्यात कॅमेरामनचं कौशल्य ते काय, कॅमेरा घेऊन धावायचं एवढंच. आणि त्याचे छायाचित्रकार, नॉर्वेचे स्टुर्ला ब्रांट ग्रोव्लेन यांचं नाव या एका करामतीवर चालतं. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

सलग शूटिंग अशक्य, हे रिळांच्या काळात खरं होतं. 35 मिमीचं हजार फुटी रीळ सुमारे 11 मिनिटांत संपतं. हा सिनेमा शूट झाला कॅनन सी300 या डिजिटल कॅमेऱ्यावर. हा कॅमेरा सेकंदाला 50 मेगाबिट, म्हणजे मिनिटाला साधारण 375 मेगाबाइट लिहितो. 138 मिनिटांचे होतात 52 जीबीच्या आसपास. 64 जीबीच्या एका कार्डात अख्खा सिनेमा मावतो.

एकच शॉट भासणाऱ्या ‘बर्डमॅन’ सिनेमामध्ये कट लपवलेले आहेत, पण म्हणून इथेही असतील असं होत नाही. इथे पूर्ण सिनेमा तीनदा शूट झाला आणि तिसरा प्रयत्न पडद्यावर आला: 27 एप्रिल 2014, पहाटे साडेचार ते सात, बर्लिनचे क्रॉइत्सबर्ग आणि मिटे हे भाग, 22 ठिकाणं. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतो पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे सिनेमा साधारण अर्ध्यावर असताना. वेगवेगळ्या प्रयत्नांचे तुकडे बेमालूम जोडायचे तर उजळणारं आकाश, ढग, घाम, विस्कटलेले केस सगळंच जुळायला हवं. शिवाय संहिता जेमतेम 12 पानांची, संवाद बरेचसे नटांनी आयत्या वेळी बोललेले. दोन प्रयत्नांत तीच ओळ त्याच जागी येईल याची खात्री कोण देणार?

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो. एरवी कुणाकडे पाहायचं, कधी जवळ जायचं हे संकलक नंतर ठरवतो. इथे ते चालू शॉटमध्ये कॅमेरा धरणाऱ्याने ठरवलं आहे. क्लोजअप हवा तर दोन पावलं पुढे, सगळे हवेत तर मागे, आणि मागे जिना असू शकतो. बँकेवरच्या दरोड्याचा प्रसंग पाहा. दरोडा दिसतच नाही. कॅमेरा गाडीत, बाहेर थांबलेल्या नायिका व्हिक्टोरियापाशी राहतो आणि आपण तिची भीती पाहत बसतो. मोठा कॅमेरा असता तर अशी चढ-उतर जमली नसती. सी300ची नुसती बॉडी दीड किलोच्या आत आहे.

आता उजेड. क्लबमधले झगमगते दिवे, रस्ता, भूमिगत गॅरेज, मग निळसर पहाट आणि शेवटी लख्ख दिवस. आयरिस (लेन्समधलं उजेड कमी-जास्त करणारं छिद्र) एकदम उघडली की पडद्यावर उजेडाची पायरी दिसते, म्हणून असा बदल दार ओलांडताना किंवा वळताना उरकावा लागतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर सोडला तर शॉट चालू असतानाच चेहऱ्यांचा रंग सरकतो. हा कॅमेरा कार्डावर 8 बिटमध्येच, म्हणजे मोजक्या छटांमध्ये लिहितो; चुकलेलं एक्स्पोजर नंतर ग्रेडिंगमध्ये (रंग-उजेड सुधारताना) फार ओढता येत नाही, अंधाऱ्या भागात लगेच नॉइज, म्हणजे दाणेदारपणा येतो. दीड तास उत्तम गेल्यावर एक चूक झाली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणूनच शेवटच्या श्रेयनामावलीत ग्रोव्लेन यांचं नाव दिग्दर्शकाच्याही आधी येतं. बर्लिन महोत्सवात त्यांना छायाचित्रणासाठी रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला, जर्मन फिल्म पुरस्कारही मिळाला. नशिबावर एवढं मिळत नाही.

‘एकाच करामतीचा माणूस’ हा मुद्दा तर त्याच वर्षाने खोडला. 2015 मध्येच आलेला आइसलँडचा ‘रॅम्स’ त्यांनीच टिपला: मेंढपाळ भाऊ, बर्फ, संयत, स्थिर चौकटी. पुढे ऑस्कर मिळवणारा डॅनिश ‘अनदर राउंड’ (2020), मग नॉर्वेतल्या मुलांचा ‘द इनोसंट्स’ (2021). आणि संगीतकार योहान योहान्सन यांचा ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ तर 16 मिमीच्या कृष्णधवल फिल्मवर आहे. त्यात पडद्यावर एकही नट नाही, फक्त पूर्वीच्या युगोस्लाव्हियातली काँक्रीटची स्मारकं आणि त्यांच्यावरून अतिशय सावकाश फिरणारा कॅमेरा.