वडिलांनी सांगितलं ते खोटं नव्हतं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'लघवीच्या तक्रारी आठवून सांगताना रुग्ण चुकतात' हे माझं वाक्य तुम्हाला लागलं. तुमच्या वडिलांनी 'रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं' असं सांगितलं, तर डॉक्टरांनी प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायला त्यांच्या हाती वही आणि मोजपात्र दिलं, तीन दिवसांनी बोलावलं, आणि वडिलांना वाटलं की आपला शब्द कुणी खरा धरला नाही. आजारी माणसाने आता पुरावाही द्यायचा का, असं तुम्ही विचारता.

'चुकतात' हा शब्द मी वापरायला नको होता. तो मागे घेतो. वहीचा आग्रह मात्र सोडणार नाही.

लघवीला गेल्याची गणती कुणी मनात ठेवत नाही. लक्षात राहते ती वाईट रात्र, किंवा प्रवासात कशीबशी दाबून धरलेली लघवी. डॉक्टरांनी विचारलं की आपण त्या आठवणींवरून अंदाज बांधतो आणि 'दर तासाला', 'दहा-बारा वेळा' असे ठोकळ आकडे सांगतो. ते आकडे त्रासाचे असतात, आणि त्रास खराच असतो. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, तक्रारींसाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली घ्या. गेल्या महिन्याबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. पण त्यानंतर एक आठवा प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? त्याचं उत्तर कुठल्याही मोजपात्रात मिळणार नाही. ते वडिलांकडूनच ऐकायला हवं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी वेळ द्यायला हवा. तुमच्या रागातला एवढा भाग मला पूर्ण पटतो.

उलटही होतं. खोकताना, हसताना कपड्यात लघवी होते हे अनेक जणी वर्षानुवर्षं सांगतच नाहीत. पाणी कमी पितात, बाहेर पडल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवतात, आणि विचारलं तर 'तसा काही त्रास नाही' म्हणतात. त्यांचंही खोटं नसतं, अंगवळणी पडलेलं असतं.

आता वहीबद्दल. समजा, दोघं जण 'रात्री चार वेळा उठतो' असं सांगतात आणि दोघांचाही आकडा अगदी बरोबर आहे. एकाच्या वहीत प्रत्येक वेळी 80-100 मिलिलीटर दिसतं, म्हणजे मूत्राशयात लघवी फार वेळ साठून राहत नाही. दुसऱ्याच्या वहीत प्रत्येक वेळी 300. त्याचं मूत्राशय नीट साठवतंय, पण रात्री लघवीच जास्त तयार होते. उतारवयात चोवीस तासांतल्या एकूण लघवीपैकी 33 टक्क्यांहून जास्त रात्री होत असेल, तर कारण शोधावं लागतं: दिवसा पायांवर उतरलेली सूज आडवं पडल्यावर रक्तात परतते का, झोपेत श्वास अडकतो का, हृदयाचं काही आहे का, संध्याकाळनंतर पाणी-चहा किती होतो. या दुसऱ्या माणसाला केवळ 'चार वेळा' ऐकून प्रोस्टेटची गोळी दिली, तर तो तसाच उठत राहील. माप कुणाच्याच आठवणीत नसतं, कितीही शहाणा माणूस असो. वही मागतात ती यासाठी.

वहीतही उणिवा आहेत. काही जण तीन दिवसांच्या नोंदी शेवटच्या संध्याकाळी एकदम भरतात, म्हणजे पुन्हा आठवणच. काही जण लिहायचं म्हणून पाणीच कमी पितात. म्हणून वडिलांना सांगा, नेहमीसारखंच खा-प्या, गेल्या गेल्या लिहा. झोपायची आणि उठायची वेळ टिपायला विसरू नका. झोपण्याआधीची लघवी दिवसाच्या हिशेबात जाते आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या. हे इथे उलटसुलट झालं की सगळं गणित बिघडतं. मात्र लघवीतून रक्त गेलं किंवा लघवी अडकलीच, तर वही पूर्ण होण्याची वाट न पाहता तडक डॉक्टरांकडे जा.

आणि पुढच्या भेटीत वडिलांनी दोन गोष्टी कराव्यात. आधी, कशाचा त्रास सर्वात जास्त होतो ते स्वतःच्या शब्दांत सांगावं. मग वही पुढे करून विचारावं, 'रात्रीची लघवी एकूण किती निघाली आणि त्यावरून काय ठरवलंत?'