पाव फेरा

सासऱ्यांनी मस्कतहून कायमचं परतताना आणलेली गाडी ऐंशीच्या दशकातली आहे. जर्मन, स्टिअरिंग डावीकडे. तिच्यात बॉशचं के-जेट्रॉनिक आहे, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, पण कॉम्प्युटरचा पत्ता नाही. हवा आत शिरली की एक गोल थाळी उचलली जाते, थाळीची दांडी एक प्लंजर वर ढकलते, आणि तो जितका वर तितकं पेट्रोल. इंजेक्टर उघडझापही करत नाहीत. प्रेशर साडेतीन बारच्या आसपास गेलं की जे सुरू होतात, ते इंजिन बंद होईपर्यंत फवारतच राहतात. या बाबतीत ते थेट सासऱ्यांवर गेलेत.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलं. निव्वळ पेट्रोलला किलोमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉल आपला ऑक्सिजन घरूनच घेऊन येतं, त्यामुळे या मिश्रणाला हा आकडा साडेतेराच्या घरात उतरतो. नव्या गाड्यांचा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगून ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरला, चहाडी करतो आणि पेट्रोल आपोआप वाढतं. आमच्या गाडीत चहाडी करणारं कोणी नाही. ती सिग्नलला थरथरू लागली, पिकअपला मिसिंग मारू लागली, आणि एकदा भर लक्ष्मी रोडवर एअर फिल्टरमध्येच बार उडवला.

"मिक्श्चर लीन झालंय," आमचे मेकॅनिक उस्ताद म्हणाले. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्पार्क प्लग काढून दाखवला, पांढराफटक.

मिक्श्चरला स्क्रू आहे, पण तो बनवणाऱ्याला माणसाचा स्वभाव नीट ठाऊक असावा. पेट्रोल वाटून देणारा फ्युएल डिस्ट्रिब्युटर आणि हवेचं फनेल यांच्या मधे एक भोक, त्यावर बूच. आत 3 मिलिमीटरची लांब एलन की सोडायची आणि अंदाजाने चाचपायचं. घड्याळाच्या दिशेने रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, उलट लीन, आणि पाव फेरा म्हणजे अतिरेक. की आत ठेवून रेस द्यायची नाही, थाळी उचलताना ती अडकते. म्हणून दर वेळी केसभर फिरवा, की काढा, बूच लावा (नाहीतर तिथूनच फुकटची हवा जाते), रेस द्या, आयडलिंग बसू द्या, आणि मग कान द्या.

हे एकट्या माणसाचं काम आहे. आमच्या बॉनेटभोवती अख्खी सोसायटी होती.

"जावईबापू, अजून थोडं रिच. मस्कतला कसं पिकअप होतं!"

"लीनच राहू द्या हो," खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी सीएनजीवर आहे. "अ‍ॅव्हरेज बघा आधी."

उस्ताद चहाला गेले की स्क्रू फिरलेला असायचा. कोणी फिरवला ते कोणी सांगत नव्हतं, पण प्लग काजळीने माखून निघाला की सासऱ्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं आणि पहिल्या मजल्यावरून वाळत घातलेल्या साड्यांबद्दल ओरडा यायचा.

शेवटी उस्तादांनी गाडी पीयूसीच्या व्हॅनसमोर नेऊन उभी केली. मिक्श्चर जितकं रिच तितका धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त, आणि तो मशीनवर दिसतो, मग कान कशाला? इतक्या जुन्या गाडीला 3 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. पहिला आकडा 5.2.

"हे मशीन सर्टिफिकेटला आहे, ट्यूनिंगला नाही," पीयूसीवाला कुरकुरला. पण गर्दी जमली तसा त्यालाही चेव चढला. 0.6 वर इंजिन आचके देऊ लागलं तेव्हा तोच ओरडला, "उस्ताद, एवढं नका पिळू, केसभर मागे!" 1.5 ला गाडी गप्प झाली. नंबरप्लेटचा फोटो निघाला.

उस्तादांनी बूच लावलं, बाजूचे सगळे हात एकवार बघून घेतले, आणि त्यावर एम-सीलचा चांगला जाडजूड थर थापला.

सासरे घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जिना चढताना हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे छिन्नी आहे ना?"