मु. पो. उणे

"अगं बाई, कसा पडला?"

गेल्या महिन्यात हा प्रश्न मला एकतीस जणांनी विचारला. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं की कुणाला काय सांगितलं याची नोंद ठेवावी लागते. माणूस पडला तर लोक निदान "लागलं का" म्हणतात. फोन पडला की थेट चौकशी समिती.

सासऱ्यांना सांगितलं, बसच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बसचे ड्रायव्हर ब्रेक मारण्यासाठीच जन्माला येतात अशी त्यांची जुनी धारणा आहे, त्यामुळे ते खपलं. ऑफिसात सांगितलं, मांजराने ओट्यावरून ढकलला. आमच्याकडे मांजर नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मुलगी मांजरासाठी खाऊचं पाकीट घेऊन आली, तेव्हापासून मला त्या मांजराचं नाव, वय आणि आवडीनिवडी लक्षात ठेवाव्या लागतायत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं, देवापाशी दिवा लावताना हातातून निसटला. त्या म्हणाल्या, "दिवा लावताना हातात फोन कशाला लागतो गं?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

खरं कारणही आहे. सांगते, पण जरा दमाने.

तडा जायच्या आधी फोनला चरे पडले होते. "पर्समध्ये फोन आणि किल्ल्या एकत्र कोंबतेस, दुसरं काय होणार?" असं नवरा म्हणाला आणि माझी भूशास्त्राची पदवी वीस वर्षांनी पहिल्यांदा कामाला आली. फ्रेडरिक मोह्ज नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली खनिजांना टणकपणाचे नंबर दिले. शंखजिऱ्याचा १, हिऱ्याचा १०. वरच्या नंबरचा खालच्याला ओरबाडतो, खालच्याला वरच्याचं काही वाकडं करता येत नाही. ऑफिसातही हीच पट्टी चालते. फोनच्या काचेवर साधारण ६ नंबरपासून ओरखडे उठायला लागतात. पितळेची किल्ली ३ च्या आसपास, पोलादाची फार तर साडेपाच. म्हणजे किल्ल्या निर्दोष. गारगोटी मात्र ७, आणि वाळूत गारगोटीचे कण असतात. पर्स उलटी केली. अस्तराच्या शिवणीत मार्चमधली दिवेआगरची वाळू जुलैमध्येही सुखाने नांदत होती.

हे सगळं मी नवऱ्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे तू चार महिने पर्स झाडली नाहीस."

मग नणंदेचा फॉरवर्ड आला, चऱ्यांवर टूथपेस्ट घासा. घासली. चरे होते तिथेच राहिले, पण काचेवर बोटाचं तेल धरू न देणारा जो पातळ थर असतो तो उडाला. आता कुठेही बोट लावलं की खरेदीखतावर उठवल्यासारखा अंगठा दिसायचा. शिवाय कानाजवळच्या जाळीत थोडी पेस्ट गेली असावी. पुढचे दोन आठवडे कुणाचाही फोन आला की पुदिन्याचा वास यायचा. अगदी सोसायटीच्या चेअरमनकाकांचा आला तरी.

आणि गार्ड! त्या टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर "९एच" असं ठळक छापलेलं असतं. भूशास्त्र शिकलेली बाई असूनही मी ते मोह्जचं ९ समजत होते. म्हणजे कुरुंद! माणिक-नीलमाच्या तोडीचा टणकपणा रस्त्याकडेच्या टपरीवर शंभर रुपयांत, बसवून. पुढे कळलं की तो ९ पेन्सिलीचा आहे. शाळेत आपण एचबी वापरायचो, चित्रकलेला २बी. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ९एच ही सगळ्यात कडक पेन्सिल. तिने गार्डवर रेघ उमटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आता दिवेआगरला माझ्या मागे कुणी पेन्सिल घेऊन लागलं नव्हतं.

असो. जुलैतल्या एका रविवारी फोन पडला. गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर, बरोब्बर कोपऱ्यावर. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून काचेची जी नक्षी पसरली ती रांगोळीत शोभली असती. मला काचेपेक्षा अपमान जास्त लागला. शहाबादी म्हणजे चुनखडक, मोह्जच्या पट्टीवर जेमतेम ३. तीन नंबरच्याने सहा नंबरच्याला फोडलं! ओरखडा उठणं वेगळं आणि फुटणं वेगळं, हे पुस्तकात वाचलं होतं. काय वेगळं, ते फरशीने शिकवलं. खरं तर ही काच मुद्दाम चिवट केलेली असते. पोटॅशियमच्या क्षाराच्या साधारण ४०० अंशांच्या वितळलेल्या रसात तिला बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे किरकोळ आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागेवर पोटॅशियमचे धिप्पाड आयन येऊन बसतात. लोणावळा लोकलमध्ये तिघांच्या बाकावर "जरा सरकून घ्या" म्हणत चौथा टेकतो, तसे. सगळे एकमेकांना असे घट्ट दाबून बसतात की तड्याला शिरायला फटच मिळत नाही. पण कोपऱ्यावर सगळा भार एका टिंबावर आला, त्यात आधीच्या चऱ्यांनी वाट करून ठेवलेली, की अख्खा डबा एकदम उभा राहतो.

पहिले दोन दिवस वाटलं, चालतंय की. बोटात काचेचा कण घुसल्यावर वरून सेलोटेप चिकटवली. तिसऱ्या दिवशी उजव्या कडेचा बोटभर पट्टा मेला. टचच लागेना. त्या पट्ट्यात काय काय येतं हे फोन धड असताना कधी लक्षात येत नाही. मी मराठी लिहिते ती इंग्रजी अक्षरं दाबून, आणि त्या कडेला असतात पी, एल आणि खोडायचं बटण. म्हणजे प गेला, ल गेला, ळ गेला, आणि चूक झालेली खोडायची सोयही गेली.

"मॅडम कुठे आहात?" असा साहेबांचा मेसेज आला. मी उत्तर दिलं, "मी उण्यातच आहे."

बंगळूरच्या जावेने पार्सलसाठी पत्ता मागितला, तिलाही "उणे" गेलं. आयुष्यभर ज्या गावाचं नाव मान वर करून सांगितलं, त्याला वजाबाकीचं चिन्ह लागलं. पालक आणायला सांगितलं की "आक" जायचं. पण खरी पंचाईत झाली पोळीवाल्या मावशींशी. "मावशी आज पोळ्या दहाच करा" असं लिहायला गेले तर "मावशी आज ओया दहाच करा" असं गेलं. त्यांचं उत्तर आलं, "ताई मला ओया येत नाहीत. कोणाकडून तरी शिकून घेते."

पाठवायचं बटणही त्याच कडेला. त्यावर मी युक्ती काढली. मेसेज फोन उभा धरून लिहायचा आणि आडवा धरून पाठवायचा. आडवा धरला की मेलेला पट्टा वरती जायचा आणि बटण जिवंत व्हायचं. बसमध्ये शेजारच्या बाईला वाटत असणार, ही दर ओळीला फोनला कूस बदलायला लावतेय. आडवा धरून सगळा मेसेजच लिहिता आला असता, हे लेकीने आठवड्याने सांगितलं.

पैसे देताना मात्र फोन आडवा होत नाही. माझ्या पिनमध्ये नऊ आहे आणि नऊ राहतो उजव्या कडेला. त्याच्या डाव्या कुशीत नख रोवलं तर लागायचा, कधी लागायचा नाही. भाजीवाल्याकडे पाव किलो गवारीचे पैसे द्यायला मी सहा मिनिटं घेतली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, उद्या द्या." त्याच्या आवाजातली दया अजून टोचते.

मग पाऊस लागला. तड्यातून थेंबभर पाणी आत गेलं आणि फोनच्या अंगात यायला लागलं. टेबलावर पडल्या पडल्या स्वतःच उघडायचा, स्वतःच कुठे कुठे बोटं मारल्यासारखा नाचायचा. दुपारी अडीच वाजता त्याने चेअरमनकाकांना फोन लावला. ते झोपेतून उठून म्हणाले, "बोला." मी लांब होते, फोन काही बोलला नाही. असं तीनदा झाल्यावर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर "विश्रांतीच्या वेळी मूक दूरध्वनी करणाऱ्यांस" अशी सूचना टाकली. माझ्या फोनने तिला आपण होऊन अंगठा दिला. सासूबाई म्हणाल्या, "नारळ तरी ओवाळून टाक त्याच्यावरून." त्या गंमत करत होत्या की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन सव्वा तास बसले. तिथल्या मुलाने फोन दोन बोटांत धरून सांगितलं, आठ हजार सातशे, अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजार दोनशे सहासष्ट. फोन अठरा हजारांचा. मी "विचार करून सांगते" म्हणाले. हे वाक्य मी साडीच्या दुकानातही म्हणते, आणि दोन्हीकडच्या लोकांना त्याचा अर्थ कळतो.

तेव्हा तपकीर गल्ली. वनाजहून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडई, तिथून दगडूशेठच्या गर्दीला वळसा घालत चालत. गल्लीच्या नावात तपकीर असली तरी शिंका येतात त्या खोक्यांवरच्या धुळीने. दिव्यांच्या माळा, वायरींची भेंडोळी, स्पीकर, रिमोट, आणि मधेमधे कपाटाएवढी मोबाइलची दुकानं. त्यातल्या एकात शिरले. समोर पाटी होती: "फोन कसा पडला हे सांगू नये. किती वेळ लागेल हे विचारू नये. डेटा आपापला सांभाळावा."

पहिली ओळ वाचून मला भरून आलं. एकतीस जणांनंतर पहिलं ठिकाण, जिथे कुणाला काही जाणून घ्यायचं नव्हतं.

काउंटरमागच्या मुलाने फोन घेतला, कडेने अंगठा फिरवला. "टच पण गेलाय ताई. नुसती काच बदलून भागणार नाही, कॉम्बो, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले टाकावा लागेल. ओरिजिनल पाहिजे का फर्स्ट कॉपी?"

"फरक काय?"

"ओरिजिनल साडेपाच, कॉपी अडीच. कॉपीत अंगठा चालणार नाही. ती टीएफटी असते, तिच्यातून खालच्या सेन्सरला तुमचा अंगठा दिसतच नाही."

अडीच हजारांत साक्षर व्हायची संधी होती. पण चष्म्याशिवाय पासवर्ड टाकण्याचा विचार करून मी ओरिजिनलवर आले. घासाघीस करून बावन्नशे.

मग त्याने काम सुरू केलं आणि मी बघत राहिले. आधी फोनचं मऊ कव्हर काढलं. आणि थांबला. फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्याशेजारी, एक निळा स्टिकर चिकटला होता. त्याने तो नखाने अलगद सोडवला, काउंटरवर माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

गार्डच्या पाकिटात तीन गोष्टी येतात. १ नंबरचा ओला रुमाल, २ नंबरचा कोरडा रुमाल आणि धुळीचा कण उचलायला निळा स्टिकर.

"गार्ड बदलताना का?"

"पाटीवर लिहिलंय ना, सांगू नये म्हणून."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. तर हेच ते खरं कारण. जुन्या गार्डच्या कोपऱ्याला चीर गेली होती, फोनला जपायला नको का, म्हणून मी नवा आणला. उजेड चांगला म्हणून गॅलरीत गेले, गार्ड काढला, कव्हर काढलं, ओल्या रुमालाने पुसून फोन गुळगुळीत केला. त्या दिवशी तो बिचारा जेमतेम चार मिनिटं उघडा होता. त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला एक कण दिसला, तो उचलायला मी स्टिकर सोलायला लागले, आणि हातात स्टिकर राहिला. पुढच्या घाईत तो पाठीला कधी चिकटला आणि वरून कव्हर कधी चढवलं, आठवत नाही.

मुलाने फोन गरम प्लेटवर भाकरीसारखा टाकला. पाठीचा गोंद सैल झाल्यावर रबरी कप लावून ओढलं, फटीत प्लॅस्टिकचं त्रिकोणी पान सारून चारी बाजूंनी फिरवलं. करंजीच्या कडेने कातणं फिरवावं इतक्या सफाईने. स्क्रू काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. जुना डिस्प्ले निघाला तेव्हा त्याच्याबरोबर माझ्या सेलोटेपचं लेंढार आलं. ते त्याने चिमट्यात धरून दाखवलं. "हे तुम्हीच?" मी गल्लीकडे बघितलं. नवा डिस्प्ले आधी नुसता पट्टीला जोडून, लोंबता ठेवून पेटवला. एक आयकॉन बोटाखाली धरून काचभर वर-खाली फिरवला, उजव्या कडेला मुद्दाम दोनदा. मग गोंद, आणि सगळ्याला सहा रबर बँड. मेथीच्या जुडीसारखा दिसणारा फोन माझ्याकडे सरकवून म्हणाला, "दोन तास सोडू नका."

"गार्ड?"

"तो मी लावून देतो," तो म्हणाला. "तुम्ही नका लावू."

दोन तास मी मंडईत काढले. परत आले, रबर बँड निघाले, गार्ड बसला. एकही बुडबुडा नाही. मेट्रोत बसल्यावर पहिला मेसेज फोन उभा धरून लिहिला आणि उभ्याउभ्याच पाठवला: "मावशी, पुण्यातून बोलतेय. आज पोळ्या दहाच करा."

लगेच उत्तर आलं. "बरं ताई. आणि ओया किती?"