दुसरी चावी मागून सेल्समनला लाजवू नका

वापरलेली गाडी डीलरकडून घेताना फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर लांब चावी देतात आणि खरी चावी एकच देतात. पुठ्ठ्याची परत घेतात. मग तुम्ही म्हणता, "दुसरी?" उत्तर येतं, "आधीच्या मालकाकडे राहिलीय, आठवडाभरात येईल." यावर विश्वास ठेवा. पावतीवर "चाव्या: २" असं लिहून घेण्याचा कोतेपणा करू नका. पैसे बाकी असताना हा विषय काढलात तर डीलरला स्वतःच्या खिशातून चावी बनवून द्यावी लागेल, आणि नव्या नात्याची सुरुवात अशी कडवट व्हायला नको. पै-पै चुकती करा, गाडी घरी न्या, मग सावकाश फोन करा. तोवर तो सेल्समन दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

आता डॅशबोर्डचा खण रिकामा करा. त्यात पुस्तिकेच्या पाकिटात नखाएवढी धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी सापडली, तिच्यावर चार-पाच अक्षरं-आकडे कोरलेले असले, तर ती ताबडतोब कचऱ्यात टाका. तो चावीचा कोड असतो. त्यावरून चावीच्या पात्याचे दाते कारखान्यातल्या मूळ मापाने कापता येतात. कोड नसला की चावीवाला हातातल्या चावीवरून पातं कापतो. ती चावी दहा वर्षं घासून गुळगुळीत झालेली, म्हणजे नवी चावी जन्मतःच दहा वर्षांची. झेरॉक्सची झेरॉक्स. ती कुलपात अडकते, मग ती हलवत, किंचित बाहेर ओढत फिरवायची कला साधते. एक दिवस पातं आतच मोडतं. पातं मोडण्यासाठी पहाटेची वेळ उत्तम.

पण पातं म्हणजेच चावी, ही समजूत मात्र घट्ट धरून ठेवा. नुसतं पातं कापून आणा. चावी आत जाईल, फिरेल, सेल्फ मारेल, इंजिन सुरू होईल आणि दोन सेकंदांत बंद पडेल. काही गाड्यांत इंजिन पकडतच नाही. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकेल. त्याकडे लक्ष न देता आधी बॅटरी बदला, मग फ्युएल पंप. दोन्ही नवे झाले, की चावीच्या डोक्यात काचेच्या कुपीएवढी किंवा कोळशाच्या बारीक तुकड्यासारखी एक चिप असते, हे जाणून घ्यायला हरकत नाही. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर तिला वीज पुरवतं, चिप आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली नाही तर इमोबिलायझर इंजिन चालू राहू देत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. कुणाला तरी चोरांपासून तुमची काळजी होती. ती काळजी आता तुमच्यापासूनही गाडी सांभाळते.

रिमोटचं बटण हा निराळा संसार. दार उघडणारा रेडिओ आणि इंजिनाला पटवणारी चिप बऱ्याचदा एकाच खोक्यात राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे दार उघडतं पण गाडी चालू होत नाही, किंवा गाडी चालू होते पण दार ढिम्म, असे दोन्ही चमत्कार घरबसल्या पाहता येतात. ऑनलाइन रिमोट मागवताना फक्त बटणं मोजा. तीन असतील तर तीनचा घ्या. आत ४३३.९२ मेगाहर्ट्झचा आहे की ३१५ चा, चिप आयडी, म्हणजे चिपचा प्रकार, ४६ आहे की ४८, असल्या चौकशा संशयी माणसं करतात. ४६ आणि ४८ मध्ये दोनचाच तर फरक. शक्यतो वापरलेला रिमोट घ्या, स्वस्त पडतो. कितीतरी चाव्या एकदा एका गाडीला बांधल्या, की खास उपकरणाने मोकळ्या केल्याशिवाय दुसरीला ओळख देत नाहीत, पण ही निष्ठा आजकाल दिसते कुठे! सेल सीआर २०३२ लागत असेल तर २०२५ घाला. व्यास दोघांचा २० मिलिमीटर, फक्त जाडी ३.२ च्या जागी २.५. उरलेल्या फटीत कागदाची घडी सारा आणि रिमोट कधी लागतो, कधी नाही, याला हवामान जबाबदार धरा.

मग एकदाचं प्रोग्रॅमिंग. इथे पुष्कळ काही बिघडवता येतं. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडून नवी चावी गाडीला शिकवतात. कित्येक गाड्यांत यंत्र आधी जुन्या सगळ्या चाव्या पुसतं आणि त्याच बैठकीत समोर असतील तेवढ्या पुन्हा नोंदवतं. म्हणून जुनी चावी घरी खुंटीवर ठेवून जा. परत याल तेव्हा ती मुकी झालेली असेल आणि तुमच्याकडे पुन्हा एकच चालती चावी असेल, म्हणजे एवढा खर्च करून जिथून निघालात तिथेच सुखरूप पोहोचाल. काम चालू असताना दिवे, एसी, गाणी चालू ठेवा. मरगळलेल्या बॅटरीचा व्होल्टेज मध्येच घसरला की नोंदणी अर्धवट तुटते, कधी चाव्या ओळखणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे मॉड्यूलही लटकतं. बॅटरीला चार्जर लावून बसणाऱ्या कारागिराला घाबरट म्हणा. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या होऊ द्याव्या लागतात, नुसतं दिव्याकडे बघत. पंचविसाव्या मिनिटाला कंटाळून चावी काढा.

कागदपत्रांचंही तसंच. नोंदणीपत्रावर जुन्या मालकाचं नाव असतानाच अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, म्हणजे ते तुम्हाला चोर समजून नम्रपणे परत पाठवतील. चासी नंबर तोंडी सांगा. तो १७ अक्षरांचा असतो आणि शून्य-एकाशी घोळ होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरतच नाहीत. तुम्ही शून्याला "ओ" म्हणा आणि दुसऱ्याच गाडीची चावी मागवल्याचं समाधान मिळवा.

एवढं सगळं करूनही एक चावी शिल्लक राहिली तर मात्र पंचाईत आहे. एक चालती चावी असली की दुसरी बनवणं हे तासाभराचं काम. फोर्डच्या काही मॉडेलांत तर दोन चालत्या चाव्या असल्या की तिसरी मालकाला स्वतःच शिकवता येते: पहिली लावा, काढा, दुसरी लावा, काढा, लगेच तिसरी लावा, झालं. यंत्र नको, कारागीर नको. असलं सोपं आयुष्य टाळायचं तर ती एकुलती चावी हरवायलाच हवी. मग मजा. गाडी सर्व्हिस सेंटरला जाणार ती टो होऊन, तीही स्टिअरिंग लॉक झालेलं असताना. गाडीचा सुरक्षा पिन, म्हणजे गुप्त कोड मिळवा, तो मिळाला नाही तर मॉड्यूल उघडून त्यातल्या मेमरी चिपमधून माहिती काढा, तेही जमलं नाही तर मॉड्यूलच बदला. नव्वदच्या दशकातल्या फियाटसोबत लाल रंगाची एक मास्टर चावी येई, नव्या चाव्या शिकवायला तीच लागे. ती हरवली की अधिकृत उत्तर इंजिनाचा संगणक बदलण्यापर्यंत जाई. चावीसाठी गाडीचा मेंदू. असा भव्यपणा हल्ली राहिला नाही.

बटणाने चालू होणारी गाडी असेल तर सेल संपल्यावर खुशाल टो बोलवा. चावीच्या पोटात लपलेलं पातं, दाराच्या हँडलवरच्या टोपीखालचं छिद्र, चावी बटणाला चिकटवून दाबली की बहुतेक गाड्या चालू होतात ही सोय, सगळं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. म्हणून पुस्तिका गाडीतच, बंद दाराआड ठेवा.

राहिली आधीच्या मालकाकडची ती चावी, जी आठवडाभरात येणार होती. ती गाडीच्या ओळखीच्या चाव्यांच्या यादीतून पुसून घ्यायची असते, हे कारागिराला सांगू नका. चुकून त्याने पुसलीच तरी काळजी नसावी: पुसली जाते ती चिप आणि रिमोट. पातं तेच राहतं आणि दाराचं कुलूप न बदलता ते अजूनही सहज फिरतं. गाडी कुणाला नेता येणार नाही, फक्त आत बसता येईल. लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर ठेवत जा. एवढी जुनी चावी जपून ठेवणारा माणूस रिकाम्या हाताने जायला नको.