व्हिक्सबर्गला एकच ओळ?
अमेरिकन यादवी युद्धावरचा लेख आवडला, पण त्यात गेटिसबर्गच्या लढाईला सात परिच्छेद आणि मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्गच्या वेढ्याला जेमतेम एक ओळ, हे काही पटलं नाही. वेढ्यात गेटिसबर्गमधल्या पिकेटच्या चढाईसारखं नाट्य नसतं, हे मान्य. पण उत्तरेचा सेनापती ग्रँटने मे १८६३ मध्ये दोनदा थेट हल्ला करून मार खाल्ला, मग तो वेढा घालूनच बसला. गावातली माणसं टेकड्यांत गुहा खोदून राहिली. शेवटी तर खेचरांचं मांस खायची पाळी आली! ४ जुलैला दक्षिणेचा सेनापती पेंबरटन सुमारे २९ हजार सैनिकांसह शरण आला. आदल्याच दिवशी गेटिसबर्ग हरलेला दक्षिणेचाच सेनापती ली निदान फौज घेऊन परतू तरी शकला. इथे अख्खं सैन्य गेलं, आणि ९ जुलैला नदीवरचं दक्षिणेचं शेवटचं ठाणं पोर्ट हडसन पडल्यावर मिसिसिपी नदीही. दक्षिणेची टेक्सास, आर्कान्सा ही राज्यं नदीपलीकडेच अडकली.